वाय-फायचा कारभार, एवढ्याशा बोर्डावर

प्रश्न : दापोली तालुक्यात आमचं सात खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी युनिफायचे तीन ॲक्सेस पॉइंट छताला लावले आहेत. बसवून देणाऱ्या मुलाने सगळी सेटिंग स्वतःच्या लॅपटॉपवरून केली आणि लॅपटॉप घेऊन तो पुण्याला निघून गेला. आता वाय-फायचा पासवर्ड बदलायचा म्हटला तरी त्याला फोन करावा लागतो. भाच्याकडे रास्पबेरी पाय ४ नुसता पडून आहे. तो म्हणतो, "मामा, कंट्रोलर यावर टाकू, कायमची कटकट जाईल." एवढ्याशा बोर्डाला हे झेपेल का? आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. बोर्ड बंद पडला तर पाहुण्यांचं वाय-फायही बंद पडणार का?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती फिटली की पहिली निम्मी आपोआप सुटते. बोर्ड बंद पडला तरी वाय-फाय बंद पडणार नाही. (वीज गेल्यावर ॲक्सेस पॉइंट आणि राउटरही बंद पडतात, पण त्यांना इन्व्हर्टरवर घ्यायचं की नाही हा वेगळा हिशेब.)

कंट्रोलर हे कारभार पाहणारं सॉफ्टवेअर आहे. पाहुण्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ ॲक्सेस पॉइंटमधून राउटरकडे आणि तिथून बाहेर जातो. कंट्रोलर त्या वाटेत कुठेच उभा नसतो. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक लावून दिलं की ते रजेवर असले तरी तास होतात, तसंच हे. नेटवर्कचं नाव, पासवर्ड, कुठला चॅनल, किती ताकदीने प्रक्षेपण करायचं, हे सगळं ॲक्सेस पॉइंट स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतो आणि पुढे त्यावर चालतो. कंट्रोलर नसेल तेव्हा दोनच गोष्टी अडतात. सेटिंग बदलता येत नाही आणि कोण किती वेळ जोडलेला होता याची नोंद होत नाही. तिसरी गोष्ट अडते ती तुम्ही पाहुण्यांना व्हाउचर देऊन स्वागत-पानावरून आत घेत असाल तरच. ते पान कंट्रोलरच दाखवतो, त्यामुळे ती सोय वापरायची असेल तर बोर्ड अखंड चालू हवा.

म्हणूनच तुमच्या तीन ॲक्सेस पॉइंटांसाठी बोर्डाच्या वेगाची काळजी नको. ८५ बाय ५६ मिलिमीटरचा तो बोर्ड आहे, पण पाय ४ मध्ये चार कोअरचा दीड गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि खरंखुरं गिगाबिट इथरनेट आहे. फक्त मेमरी किती आहे ते भाच्याला विचारा. १, २, ४ आणि ८ जीबी अशा चार प्रकारांत तो निघाला. २ जीबीवर चालेल पण रडतखडत, ४ असेल तर निर्धास्त राहा. विजेचं म्हणाल, तर राउंड हिशेबाने पाच वॅट धरले तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट होतात.

खरी मेख वेगात नाही. ती दोन ठिकाणी आहे, डेटाबेसमध्ये आणि त्या नखाएवढ्या मेमरी कार्डमध्ये. भाच्याला "कायमची कटकट जाईल" असं वाटतंय, कारण या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी दिसत नाहीत.

आधी डेटाबेस. युनिफायचा कंट्रोलर जावामध्ये लिहिलेला आहे आणि सगळी माहिती तो मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ठेवतो. जावाचा प्रश्न सोपा आहे. आवृत्तीप्रमाणे ८, मग ११, मग १७ अशी मागणी चढत गेली, आणि १७ रास्पबेरी पायच्या बुकवर्म आवृत्तीत सहज मिळतो. मोंगोडीबीचं तसं नाही. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीने आपला परवाना बदलला. नवा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नाही म्हणून डेबियनने मोंगोडीबी आपल्या भांडारातून काढून टाकला आणि २०१९च्या डेबियन १० पासून तो तिथे नाही. रास्पबेरी पायची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवर उभी आहे, त्यामुळे तिथूनही तो गेला. पूर्वी एका ओळीत बसणारी गोष्ट तेव्हापासून बाहेरून आणून बसवावी लागते.

पुढचा खड्डा आणखी खोल आहे आणि तो नेमका तुमच्या भाच्याच्या वाटेवर आहे. मोंगोडीबीच्या ५.० आवृत्तीपासून एआरएम प्रोसेसरची किमान पातळी वाढवली गेली आणि एआरएमव्ही ८.२-ए लागू लागली. पाय ४ मधला कॉर्टेक्स-ए७२ हा ८.० पातळीचा आहे. नवा मोंगोडीबी त्यावर बसवायला गेलं की बसवणं निर्विघ्न पार पडतं, पण सुरू करताच तो 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळतो, म्हणजे प्रोसेसरला ठाऊकच नसलेली आज्ञा त्याला दिली गेली. कार्ड बदला, सिस्टिम पुन्हा टाका, काही उपयोग होत नाही. लोक यावर अख्खे रविवार घालवतात. पाय ५ मध्ये कॉर्टेक्स-ए७६ आहे, तो ८.२ पातळीचा आहे, त्यामुळे तिथे हा अडथळा नाही.

मग पाय ४ वर काय करायचं? मोंगोडीबीच्या ४.४ मालिकेतली जुनी आवृत्ती टाकायची. ४.४ मालिकेतल्या अगदी शेवटच्या आवृत्त्यांनाही ही नवी अट लागू आहे, म्हणून आवृत्तीचा पूर्ण आकडा पाहून ४.४.१८ किंवा त्याआधीची घ्या. युनिफायच्या ८.१ आवृत्तीला मोंगोडीबी ७.० पर्यंत चालतो, पण ४.४ सुद्धा चालतो. ४.४ ला कंपनीचा आधार २०२४च्या फेब्रुवारीत संपला, हे खरं. घरगुती वापरात मला त्याची फारशी धास्ती वाटत नाही, कारण कंट्रोलरसोबतचा हा डेटाबेस फक्त त्याच बोर्डाच्या आतल्या आत, २७११७ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतो आणि नेटवर्कवरच्या दुसऱ्या कुणाला त्याच्याशी थेट बोलता येत नाही. नवा बोर्ड विकत घ्यायचाच असता तर मी पाय ५ घ्या म्हटलं असतं. घरात असलेला पाय ४ फेकून द्यावा असं मात्र काही नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटची घ्या, हे विसरू नका. रास्पबेरी पायची ६४ बिटची सिस्टिम २०२२च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे आली. त्याआधीची कार्डं घरात पडून असतात आणि ती बहुधा ३२ बिटची असतात. ३२ बिटवर मोंगोडीबीला २ जीबीच्या आसपासच डेटा ठेवता येत असे, आणि पुढे कंपनीने ३२ बिटचा नाद सोडूनच दिला. डेस्कटॉप असलेली आवृत्तीही नको, 'लाइट' पुरे. या बोर्डाला पडदा जोडून कुणी बसणार नाही.

आता कार्ड. मायक्रो एसडी कार्डवर छायाचित्रं साठवणं वेगळं आणि डेटाबेस चालवणं वेगळं. डेटाबेस रात्रंदिवस बारीकसारीक लिहीत असतो. फ्लॅश स्मृतीत बारीक काही बदलायचं तरी मोठा ठोकळा पुसून पुन्हा लिहावा लागतो, आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. त्यात भर लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेला ठोकळा तसाच राहतो. मोंगोडीबी आधी नोंदवहीत लिहून मग मूळ जागी लिहितो, त्यामुळे बरेचदा तो स्वतःला सावरतो. पण स्वस्त कार्डाच्या आतला नियंत्रकच गोंधळला तर डेटाबेसचा शहाणपणा कामाला येत नाही. तुमच्या पावसाळ्यात हे कधीतरी होणार, असं धरूनच चाला.

यावर मी सुचवेन ते असं. पाय ४ यूएसबीवरून सुरू होऊ शकतो, तेव्हा कार्डाऐवजी लहान एसएसडी जोडा. भाचा तोही खर्च नको म्हणाला तर निदान सीसीटीव्हीसाठी विकतात ती जास्त लेखन सोसणारी कार्डं घ्या. वीज पुरवणारा ॲडॉप्टर मोबाइलचा लावू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ ॲम्पिअर लागतात, ते न मिळाल्यास तो मधूनच अडखळतो आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. बोर्ड राउटरच्या शेजारी, राउटरच्याच इन्व्हर्टरवर ठेवा.

वीज परत आल्यावरची एक गंमतही सांगून ठेवतो. पाय ४ च्या आत घड्याळ चालू ठेवणारा सेल नसतो. बंद होऊन उठला की तो शेवटी आठवत असलेल्या वेळेपासून सुरू करतो आणि इंटरनेट मिळाल्यावर खरी वेळ विचारून घेतो. मधल्या काळातल्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. "रात्री दोन वाजता कोण जोडलं होतं?" असा शोध घेताना हे लक्षात असू द्या. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, फक्त त्याला छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते.

प्रत्यक्ष बसवण्यात भाच्याला अवघड काही नाही. क्रमापेक्षा दोन जागी भान ठेवायला सांगा. पहिली, बोर्ड राउटरला केबलने जोडायचा, वाय-फायने नाही. ज्या वाय-फायचा कारभार तो पाहणार त्यावरच तो बसला, तर पासवर्ड बदलल्या क्षणी स्वतःच बाहेर फेकला जाईल. दुसरी, राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवायचा. कंट्रोलर ॲक्सेस पॉइंटांना शोधत फिरत नाही, तेच ठरावीक वेळाने कंट्रोलरच्या पत्त्यावर, ८०८० पोर्टवर, हजेरी लावतात आणि नवं काही असेल तर घेऊन जातात. पत्ता बदलला की ते जुन्या दारावर थापा मारत राहतात आणि पडद्यावर 'डिस्कनेक्टेड' दिसतं, वाय-फाय मात्र मजेत चालू असतं.

आणि सगळ्यात आधी पुण्याच्या त्या मुलाला फोन करा. नवा कंट्रोलर आल्यावर तुमचे ॲक्सेस पॉइंट त्याला आपलं मानणार नाहीत, कारण ते अजून त्या लॅपटॉपचे आहेत. त्याच्याकडे इतर गिऱ्हाइकांचीही नेटवर्कं असतील, तेव्हा पूर्ण बॅकअप तो देणार नाही आणि देऊही नये. फक्त तुमची 'साइट' एक्स्पोर्ट करून द्यायला सांगा. ती फाइल तुमच्या बोर्डावर चढवली आणि लॅपटॉपवरून तिन्ही ॲक्सेस पॉइंटांना नवा पत्ता दिला की ते आपणहून इकडे येतात. या कामासाठी तुमचे ॲक्सेस पॉइंट त्याच्या लॅपटॉपच्या संपर्कात असले पाहिजेत, म्हणून तो पुढच्या खेपेला कोकणात येईल तेव्हाच उरकून घेणं सोयीचं. तुमच्या कंट्रोलरची आवृत्ती त्याच्याएवढी किंवा त्याहून नवी असू द्या, कारण नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनी आवृत्ती स्वीकारत नाही. मुलगा फोनच उचलत नसेल तर मग शिडी आणा. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचं रीसेटचं छिद्र पिनने दहा सेकंद दाबायचं आणि सगळं नव्याने मांडायचं. तीन नगांसाठी तेही एका दुपारचं काम आहे.

हेच संकट उद्या तुमच्या बोर्डावरही येऊ शकतं. कार्ड मेलं आणि बॅकअप नसला तर पुन्हा शिडी. कंट्रोलरमध्ये आपोआप बॅकअपची सोय आहे, ती चालू करा. पण तो बॅकअप त्याच कार्डावर पडतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती फाइल लहान असते. मोठा बदल केला की ती उतरवून स्वतःच्या ईमेलवर टाकून ठेवा. अशी फाइल हाताशी असेल तर नव्या कार्डावर सगळं उभं करायला तासभर पुरतो, आणि मग बोर्ड किती टिकेल याची चिंता कशाला?

प्रश्न : त्यापेक्षा जुना लॅपटॉप वापरला तर?

उत्तर : चांगली कल्पना आहे, आणि पायच्या प्रेमात पडलेल्यांना ती सुचत नाही. जुन्या लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस फुकटात आलं. घड्याळ आहे, पक्की डिस्क आहे. वीज मात्र तो पायच्या काही पट खातो. एक तपासून घ्या. मोंगोडीबी ५.० ला इंटेलच्या प्रोसेसरमध्येही एव्हीएक्स हा आज्ञासंच लागतो. २०११ नंतरच्या कोअर मालिकेत तो आहे, पण त्यानंतर आलेल्या कित्येक सेलेरॉन आणि पेंटियममध्ये नाही. स्वस्तातला लॅपटॉप असेल तर तिथेही ४.४ वरच थांबावं लागेल.

प्रश्न : त्याच पायवर जाहिराती अडवणारं पाय-होलही टाकता येईल का?

उत्तर : टाकता येईल, मेमरी पुरते. पण वर सांगितलेला फरक इथे उलटा पडतो. पाय-होल वाटेत उभा असतो. घरातलं प्रत्येक उपकरण संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता त्याला विचारतं. तो बंद पडला की नावांचे पत्ते मिळेनासे होतात, आणि पाहुणे म्हणणार "तुमचं नेट गेलंय." व्यवसायाच्या जागी मी हे दोन्ही एका बोर्डावर ठेवणार नाही. ठेवायचंच असेल तर पोर्टांची भांडणं पाहा. पाय-होलच्या सहाव्या आवृत्तीचं पान ८० पोर्ट मोकळं नसेल तर ८०८० कडे वळतं, आणि त्या जागेवर तुमचा कंट्रोलर बसलेला आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजात स्विच एका कंपनीचे, वाय-फाय दुसऱ्या, प्रिंटर तिसऱ्या कंपनीचे आहेत. काय बंद पडलं ते एका पडद्यावर दिसावं यासाठी पायवर काय टाकावं?

उत्तर : तुम्हाला कंट्रोलर नको, देखरेख करणारं सॉफ्टवेअर हवं आहे. कंट्रोलर फक्त आपल्या कंपनीच्या उपकरणांना हुकूम देतो. देखरेखवालं सॉफ्टवेअर हुकूम देत नाही, सगळ्यांना विचारपूस करतं.

विचारपुशीची सर्वांत साधी रीत 'पिंग'. अमेरिकेतल्या लष्करी बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरमध्ये ती लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी हे नाव ठेवलं. पिंगला उत्तर आलं म्हणजे उपकरण जिवंत आहे, एवढंच कळतं. स्विचच्या बाराव्या पोर्टातून किती डेटा गेला, प्रिंटरचा टोनर किती उरला, हे कळायला एसएनएमपी लागतं. हा संकेत १९८८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा तो तात्पुरता मानला गेला होता, मागून येणारी अधिक भव्य व्यवस्था त्याची जागा घेईल असा अंदाज होता. ती व्यवस्था रुजली नाही, आणि हा तात्पुरता गडी अजून तुमच्या प्रिंटरमध्येसुद्धा हजर आहे.

पायवर यासाठी लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स, दोन्ही चालतात. झॅबिक्स लॅटव्हियातल्या रीगामध्ये जन्मला, २००१ साली तो सर्वांसाठी खुला झाला. ताकदवान आहे, पण शिकायला वेळ मागतो. लिब्रेएनएमएस २०१३ साली ऑब्झर्व्हियम या प्रकल्पातून फुटून निघाला. उपकरणाचा पत्ता दिला की ते काय आहे हे तो बऱ्याचदा स्वतः ओळखतो. नव्या माणसाने माझ्या मते इथून सुरुवात करावी. दर पाच मिनिटांनी तो सगळ्यांची हजेरी घेतो आणि आकडे आरआरडी फाइलींत ठेवतो. स्वित्झर्लंडच्या टोबियास ओटिकर यांच्या या पद्धतीची खुबी अशी की फाइल कधी वाढत नाही. जागा आधीच आखलेली असते, जुन्या नोंदी आक्रसून सरासरीत जातात आणि नव्यांना जागा मिळते. मात्र शंभर पोर्ट म्हणजे शेकडो मोजमापं, आणि ती दर पाच मिनिटांनी लिहायची, म्हणजे पुन्हा कार्डावर घाला. आरआरडी-कॅश्ड हा जोडीदार चालू केला तर आकडे आधी मेमरीत साठतात आणि थोड्या थोड्या वेळाने एकदम लिहिले जातात. तरीही इथे मी कार्डाला हरकत घेईन. एसएसडीच लावा.

एसएनएमपी चालू करताना आवृत्ती पाहा. पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडपणे तारेतून जातो, आणि कारखान्यातून येताना तो बहुतेक उपकरणांवर 'पब्लिक' असा असतो. उपकरण तिसरी आवृत्ती घेत असेल तर तीच वापरा. घेत नसेल तर शब्द बदला आणि परवानगी फक्त वाचनाची ठेवा.

प्रश्न : कंट्रोलरचं पान उघडलं की ब्राउझर "ही जागा सुरक्षित नाही" म्हणतो. आणि बाहेरगावाहून पान उघडावं म्हणून राउटरमध्ये ८४४३ पोर्ट उघडला तर चालेल ना?

उत्तर : पहिल्याची काळजी नको. बोर्डाने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिलेलं असतं, ब्राउझर ते ओळखत नाही. घरातल्या घरात असाल तर पुढे जा.

दुसऱ्याला मात्र नाही म्हणेन. २०२१च्या डिसेंबरमध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत भयंकर भोक सापडलं. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर लिहिला गेला की बाहेरच्याला त्या यंत्रावर हवं ते चालवता येत होतं. युनिफायचा कंट्रोलर जावाचाच, त्यातही ते होतं. कंपनीने ६.५.५४ आवृत्ती लगेच काढली, पण ज्यांनी ८४४३ बाहेर उघडून ठेवला होता आणि सॉफ्टवेअर बसवून विसरून गेले होते त्यांचं दार तोवर उघडंच होतं. बाहेरून यायचं असेल तर वायरगार्डचा व्हीपीएन त्याच पायवर बसतो आणि त्यातून आत येता येतं. आणखी एक, बोर्डाची सिस्टिम २०२२च्या एप्रिलपूर्वीची असेल तर त्यावर 'पाय' नावाचं खातं आणि 'रास्पबेरी' हा सगळ्या जगाला ठाऊक असलेला पासवर्ड अजून तसाच असू शकतो. तो आजच बदला.